सतरा वेळा दाबलेलं बटण

ही गोष्ट खरी आहे. मी रचलेली नाही. रचायची अक्कल असती तर मी आयुष्यभर ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकत बसलो नसतो.

माझ्या आतेबहिणीच्या, पंकजाच्या बाबतीत घडलेली आहे. शेवटचा भाग मी स्वतः पाहिलाय, आणि तो लिहिताना आजही हात थांबतो.

गेल्या वर्षीचा जानेवारी. संक्रांतीनंतरचा मंगळवार. नगरमध्ये सावेडीला एका पिठाच्या गिरणीवरची खोली.

अमावास्या नव्हती. रात्रसुद्धा नव्हती.

दुपारचा दीड वाजून गेला होता आणि खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं.

त्या खोलीत पंकजा आणि वैजनाथ वेबसाईट बनवायचे. वैजनाथ आमच्याच गावचा, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. तिला सख्खा भाऊ नाही, म्हणून दरवर्षी राखी त्यालाच. कामही त्यानंच शिकवलेलं. आमची आत्या चारचौघांत सांगायची, वैजनाथ आहे तोवर मला पोरीची काळजी नाही.

भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण आत्यानं नंतर स्वतःच्या तोंडानं म्हटली.

त्या दोघांनी एका संस्थेसाठी एक पान बनवलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी. पानावर एकच मोठं लाल बटण. बाई अडली, आजारी पडली की तिनं ते दाबायचं. दाबलं की नगरच्या खोलीत घंटा वाजणार, बाई कुठं आहे ते दिसणार, आणि जवळची गाडी निघणार. वाचता न येणाऱ्या बाईलाही जमलं पाहिजे, म्हणून पान उघडलं की पंकजाचा आवाज यायचा. "मी पंकजाताई. घाबरू नका. बटण दाबा, मी येते."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी पाथर्डीकडच्या एका गावात, मारुतीच्या देवळात, तिनं बायकांना ते शिकवलं. पुढं सुरेखा नावाची पोरगी बसली होती. पोट दिसायला लागलेलं. ती मोबाईलला हात लावायलाच घाबरत होती. पंकजानं तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला.

पंकजाच्या पिशवीतला, त्याच घंटेला जोडलेला फोन खणखणला आणि सगळ्या बायका हसल्या.

"मी खरंच येते हं," पंकजा तिला म्हणाली. सुरेखानं मान डोलावली. एवढंच.

मग टोळ्या गेल्या. ऑक्टोबर संपला, नोव्हेंबर, डिसेंबर...

एकदाही घंटा वाजली नाही.

पंकजाला चुटपुट लागायची. वैजनाथ हसून म्हणायचा, अगं, घंटा वाजत नाही म्हणजे सगळ्या बायका ठीक आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तिला ते पटलं. दादा म्हणतोय म्हटल्यावर पटायलाच पाहिजे.

जानेवारीत संस्थेची ज्योती नावाची कार्यकर्ती ऊसतोड टोळीच्या एका तळावर गेली. तिनं सहज म्हणून बटण दाबून पाहिलं. काहीच झालं नाही. तिनं पंकजाला फोन केला.

त्या मंगळवारी वैजनाथ श्रीरामपूरला लग्नाला गेला होता. पंकजा एकटीच बसली शोधायला.

आता हे बटणाचं प्रकरण तुम्हाला सोपं करून सांगतो, जसं तिनं मला सांगितलं. पानावरचं बटण हे नुसतं चित्र असतं. दाबल्यावर काय करायचं, ते सांगणारी ओळ वेगळी लिहावी लागते. ती ओळ नसेल, किंवा भलत्याच बटणाला जोडली असेल, तर दाबून अंगठा झिजला तरी काही होत नाही.

तिनं पाहिलं. ओळ होती. बरोबर बटणाला जोडलेली होती.

मग तिनं पानाची एक प्रत आपल्या कॉम्प्युटरवर घेतली आणि इंटरनेटची वायर काढून ठेवली, म्हणजे तपासताना बाहेरचं कुणी मध्ये यायला नको. पानावर कुठंही दाबलं की ते कशाला लागलं त्याचं नाव बाजूच्या यादीत उमटेल, अशी सोय केली.

तिनं बटण दाबलं.

यादीत 'बटण' उमटायला हवं होतं.

उमटलं... 'पडदा'.

पडदा? असलं काही तिनं बनवलंच नव्हतं.

खालची गिरणी जेवणाच्या सुट्टीला बंद झाली. एकदम शांतता. ती दोन्ही हातांनी केस बांधत विचार करत होती. माऊस लांब पडला होता.

आणि यादीत पुन्हा उमटलं... 'पडदा'.

तिनं हात खाली घेतले.

पडदा.

पडदा.

पडदा.

प्रत्येक ओळीबरोबर एक बारीक आवाज येत होता. टक्... काचेवर नख आपटावं तसा. आधी घाईघाईनं. मग थांबून थांबून. शेवटचे दोन तर इतक्या वेळानं आले, की संपलं असं वाटून तिनं श्वास सोडला होता.

मग काहीच नाही.

तिनं मोजलं. स्वतःचं एक सोडून... सतरा.

घड्याळात एक चाळीस झाले होते. इंटरनेटची वायर टेबलावर तशीच पडलेली.

आवाज कॉम्प्युटरमधून आलाच नव्हता. आवाज आला होता मागून. वैजनाथच्या टेबलाच्या खणातून.

खणाला कुलूप होतं. किल्ली तो कॅलेंडरमागच्या खिळ्याला अडकवायचा. पाच वर्षांत तिनं कधी त्या किल्लीला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला.

खणात बिलांच्या खाली एक जुना मोबाईल होता. बॅटरी फुगून मागचं झाकण सुटलेलं. तो चालू असणं शक्यच नव्हतं. समोरच्या काचेला तडे गेले होते, आणि सगळे तडे एकाच जागेतून फुटले होते. बरोबर मधोमध. जिथं पानावर लाल बटण येतं तिथं.

मोबाईलला रबरानं एक चिठ्ठी बांधली होती. पंकजाचंच अक्षर. देवळात तिनं प्रत्येक बाईला खोलीचा पत्ता लिहून दिला होता. वर नाव होतं सुरेखाचं.

पंकजा खाली फरशीवर बसली. 

मग तिनं उठून वायर जोडली आणि पानाचा इतिहास उघडला. कुणी, कधी, काय बदललं, ते त्यात नोंदलेलं असतं. हातच्या काकणाला आरसा कशाला...

पडदा वैजनाथनं टाकला होता. दसऱ्याच्या आदल्या रात्री.

कारण ऐकाल तर डोक्याला हात लावाल. दसऱ्याला त्या पानाचं उद्घाटन होतं. मोठे पाहुणे येऊन पहिलं बटण दाबणार, टाळ्या, फोटो. पण देवळातून गेल्यावर बायका गंमत म्हणून बटण दाबत होत्या आणि घंटा सारखी वाजत होती. पाहुण्यांच्या आधी कुणी दाबू नये, म्हणून त्यानं बटणावर एक आरपार दिसणारा पडदा अंथरला. बटण दिसतं, पण दाबलं की पडद्यालाच लागतं. पान एकच असतं. इथं बदललं की सगळ्यांच्या मोबाईलवर बदलतं. पाहुण्यांनी दाबलं की पडदा काढायचा, असं ठरवलेलं.

पाहुणे आलेच नाहीत. कार्यक्रम पुढं ढकलला. तो आजतागायत झालेला नाही.

आणि पडदा तसाच राहिला. दोनशे चाळीस बायकांच्या बटणावर.

पंकजानं तो तिथल्या तिथं काढला. बटण दाबलं. घंटा खणखणीत वाजली. ती वाजत असतानाच तिनं वैजनाथला फोन लावला आणि खणातल्या मोबाईलचं विचारलं. मागं लग्नातली सनई ऐकू येत होती.

त्यानं आधी एकच विचारलं. "पंकू, पडदा काढलास का?"

"काढला."

"घाई केलीस. आता त्यावर आजची तारीख पडली. पडदा इतके दिवस होता, हे त्या तारखेवरूनच कळणार."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. त्याला माहीत होतं. पुढं कळलं, तीन आठवड्यांपूर्वी, ती बँकेत गेलेली असताना, सुरेखाची सासू कुणाच्या तरी आधारानं तो मोबाईल घेऊन आली होती. ताईला दाखवा म्हणून. त्यानं ठेवून घेतला आणि ताकास तूर लागू दिली नाही. आणि त्यानंतरही पडदा काढला नाही, कारण काढला तर दिसला असता.

"बाकीच्या बायका?" तिनं विचारलं.

"पानावर नाव तुझं आहे, आवाज तुझा आहे," तो म्हणाला. "विचारतील तर तुला विचारतील." आणि फोन ठेवला.

राखी बांधलेल्या माणसानं केसानं गळा कापला. ती मला म्हणाली, दादा, भुताची भीती नंतर वाटली, आधी नुसती लाज वाटली. आपण कुणाच्या हातात हात दिला होता त्याची.

दुसऱ्या दिवशी ती कोल्हारला गेली. प्रवरेच्या अलीकडे टोळी उतरली होती. बाया-माणसं उसाच्या फडात. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, फक्त सुरेखाची सासू, बायडाबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पंकजा बोलली तशी म्हातारीनं आवाजावरून ओळखलं.

म्हातारी रडली नाही, भांडली नाही. हळूहळू सांगत गेली. डिसेंबरातली दुपार. सगळे फडात, लांब. सुरेखाला अचानक कळा सुरू झाल्या, रक्त जायला लागलं. म्हातारीला दिसत नाही, हाक मारावी तर जवळ कुणी नाही.

"मोबाईलमधी तुमी बोलत हुत्या," बायडाबाई म्हणाली. "मी येते, मी येते. आन ती दाबत हुती. नख वाजायचं काचंवर. मी मोजत हुते, दुसरं काय करनार? सतरा येळा दाबलं तिनं."

पंकजानं तिचे पाय धरले. माझ्यापर्यंत पोहोचलंच नाही हो, म्हणाली.

म्हातारीनं तिचे हात चाचपले. मग म्हणाली...

"आसं का म्हनता ताई? तुमी आल्ता की."

पंकजाला वाटलं, म्हातारीचा काही गोंधळ होतोय.

"न्हाई. सतरावं दाबल्यावर सुरेखा म्हनली, आत्याबाई, ताई आली. दारात हुबी हाय. लई खूश झाली पोरगी. मग बोलवाया लागली तुमाला. ताई, आत या की. ताई, आत या की. आन मग मला म्हनली, आत्याबाई, ती नुस्ती बघतीया. आत यीना."

बायडाबाईनं दाराकडे तोंड केलं.

"का वो न्हाई आल्या आत?"

सुरेखा तेवढ्यात गेली. लेकरूही.

पंकजा त्या दुपारी नगरला, त्याच खोलीत बसून डबा खात होती. दुसरीकडे कुठंही नव्हती.

तिनं सगळं स्वतःच्या सहीनं संस्थेला लिहून दिलं. वैजनाथनं हात वर केले. तो आता पुण्यात आहे, बरं चाललंय त्याचं. त्याच्या वाटेला काही जात नाही. शब्द पंकजानं दिला होता ना, म्हणून हिशोबही तिच्याशीच असेल. मला हे आजही पटत नाही.

ती खोली तिनं सोडली नाही. पानही बंद केलं नाही. आता घंटा वाजली की ती गाडीची व्यवस्था करून थांबत नाही, स्वतः जाते. आणि एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. मला ती या फेब्रुवारीत कळली.

घंटा वाजली तेव्हा मी तिच्याकडे आलो होतो. गाडी माझी होती, मीच चालवली. घोडेगावच्या पुढं, रस्त्याला लागून तळ. दुपारचीच वेळ. कोपीत एक बाई तापानं फणफणलेली, शेजारी तिची छोटी मुलगी. पंकजा धावत गेली...

आणि दारात थांबली.

मला वाटलं चप्पल काढतेय. पण ती नुसती उभी होती. हात लोंबकळलेले. डोळे उघडे.

आतून ती बाई म्हणाली, "ताई, आत या की."

पंकजा हलली नाही.

मी तिचा दंड धरला, ढकललं. माणूस भिंतीला टेकलेला असावा तशी ती पुढं सरकेना. मी चिडून तिच्या शेजारून हात आत घातला.

माझी बोटं कशाला तरी लागली. गार. गुळगुळीत.

काच.

समोर काही नव्हतं. दार उघडं होतं, आतली बाई मला स्पष्ट दिसत होती. आणि माझ्या बोटांखाली काच होती.

मग पलीकडून, अगदी माझ्या बोटांसमोर... टक्.

टक्.

टक्.

पंकजाचे ओठ हलत होते. ती मोजत होती. दर वेळी मोजावंच लागतं, हे तिनं परतताना सांगितलं. सतरा झाल्याशिवाय वाट मिळत नाही.

सतरावा टक् झाला आणि माझा हात झटक्यानं आत गेला. पंकजाही आत गेली. त्या बाईला आम्ही दवाखान्यात पोहोचवलं. ती वाचली.

हे काय आहे, मला सांगता येणार नाही. पंकजा म्हणते, एक दिवस असा येईल की सतरा मोजेपर्यंत उशीर झालेला असेल. ती रोज त्याच भीतीत घंटेशेजारी बसते.

मी दुकान चालवतो, पूर्वीसारखाच. फक्त भर दुपारी कुणी आतून हाक मारली, तर पाऊल टाकायच्या आधी हात पुढं करून बघतो.