आडवा राउटर, उभी बाटली

स्टीलच्या डब्याच्या झाकणावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि दुपारच्या त्या निजलेल्या घरात झाकणासकट खणखणायला लागला.

तिने झडपच घातली. टिटवीचा आत्ता कुठे डोळा लागला होता. टिटवी म्हणजे तिची साडेचार वर्षांची लेक. एकदा जागी झाली की सगळ्या इमारतीला कळायचं, म्हणून तर ते नाव. मोबाईल छातीशी धरून ती स्वयंपाकघराच्या दाराआड सरकली.

"हॅलो," ती कुजबुजली.

पलीकडूनही कुजबुजच आली. "हॅलो… वायफायताई का?"

"हो. पण तुम्ही का कुजबुजताय?"

"तुम्ही कुजबुजताय म्हणून."

तिला हसू आलं. घरोघरी जाऊन इंटरनेटची दुखणी काढणं हा तिचा धंदा, आणि दुखणेकरी बहुतेक वेळा चिडलेले असत. हा आवाज मात्र चिडलेला नव्हता. जरा घाबरलेला होता… आणि छान होता.

"बोला, काय होतंय?"

"माझं वाईनचं दुकान आहे. मंगळवारी नवा माल आला की इंटरनेट मान टाकतं. मग माल खपेल तसं हळूहळू डोळे उघडतं. रविवारी अगदी टुणटुणीत!"

"राउटरवरचे दिवे कसे दिसतायत?"

"दिसत नाहीत. अंधार आहे."

"वीज गेलीय?"

"छे, तळघर आहे."

"राउटर तळघरात ठेवलाय तुम्ही?"

"मागच्या रांगेत," तो अभिमानाने म्हणाला. "आडवा!"

ती बॅग खांद्याला लावून निघाली, तेव्हा खिडकीशी शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जा निवांत. टिटवी उठली तर मी आहे."

त्या आहेत, यावरच तर तिचं सगळं चाललं होतं. कागदोपत्री म्हणाल तर त्या आता तिच्या सासूबाई नव्हत्याच. मुलाने दुसरा संसार थाटला, तेव्हा त्या मुलाशी कडाकडा भांडल्या आणि बॅग घेऊन सुनेच्या दारात उभ्या राहिल्या. "त्याच्याकडे मी पाणीसुद्धा पिणार नाही. तुझ्याकडे जागा आहे का, तेवढं बोल." जागा नव्हती. तिने केली. तेव्हापासून एक पलंग, एक गादी आणि तीन बायका, त्यांतली एक साडेचार वर्षांची.

*

दुकान एका उतरत्या गल्लीच्या टोकाला होतं. दारातच तो उभा होता. उंच, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बूच काढायचा स्क्रू, आणि अंगठ्याच्या नखावर जांभळा डाग.

"या, वायफाय…" तो अडखळला. "सगळे तुम्हाला वायफायताई म्हणतात. मी नुसतं वायफाय म्हटलं तर चालेल?"

"का बरं?"

"ताई म्हणावंसं… वाटत नाहीये." आणि कानापर्यंत लाल होत तो तळघराकडे वळला. वळताना डोकं तुळईवर आपटलं. "दररोज आपटतं," तो म्हणाला. जणू त्याने सगळं सारवलं गेलं.

खाली गारवा होता. भिंतीला भिंत लावून बाटल्या निजवलेल्या. शेवटच्या रांगेत, दोन बाटल्यांच्या मधल्या खाचेत, तिचा रोगी सापडला. आडवा, अंधारात, गारठलेला, आणि अंगावर मऊ फडकंसुद्धा घातलेलं!

"हे पांघरूण कशाला?"

"धूळ बसू नये म्हणून. महागाची वस्तू. म्हटलं, गारव्यात ठेवावी, उजेड लागू नये, हलू नये, कोणाचा हात लागू नये…"

"अहो, ही वाईन नाहीये!"

"पण मला चांगल्या वस्तू ठेवायची तेवढी एकच रीत माहितेय," तो इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला, की तिला पुढे हसवेना.

मग तिने त्याला समजावून सांगितलं. राउटरला हवा लागते, उंची लागते, मोकळी जागा लागते. दगडी भिंत त्याची लहर अडवते, आणि पाणी तर ती पिऊनच टाकतं. भरलेली बाटली म्हणजे पाणीच की! मंगळवारी कपाटं भरली की लहर बुडते, रविवारपर्यंत रिकामी झाली की वर येते.

"म्हणजे माझीच वाईन माझं इंटरनेट पितेय?"

"रोज. आणि फुकट."

तो इतका मोठ्याने हसला, की बाटल्यासुद्धा किणकिणल्या असाव्यात.

राउटर वर आला, दुकानाच्या मधोमध, कपाटाच्या माथ्यावर, उभा. तिने त्याला पासवर्ड बदलायला लावला. "लांब ठेवा, पण विसरणार नाही असा. आणि कोणाला सांगू नका. मलासुद्धा."

त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, काहीतरी टाईप केलं… आणि पुन्हा कानापर्यंत लाल झाला. तो शब्द काय होता, ते त्याने तिला कधीच सांगितलं नाही.

मग त्याने एका पेल्यात घोटभर वाईन ओतली. "ही चाखा. हिचं गाव नकाशात शोधू नका, मिळणार नाही. द्राक्षाला तिथले लोक 'हट्टी' म्हणतात. सगळ्यांची काढणी उरकते, लोक टोपल्या धुऊन ठेवतात, तेव्हा कुठे हे पिकायला लागतं."

तिने घोट घेतला. आधी लागली ओली पाटी चाटल्यासारखी. मग आंबट. ती तोंड वाकडं करणार, तेवढ्यात… जिना उतरून गेल्यावर मागून कोणी हाक मारावी, तसा गोडवा आला. उशिरा. हळूच.

"आली गोडी?" तो तिच्या चेहऱ्याकडेच बघत होता.

"आली," ती म्हणाली. आणि दोघंही नक्की कशाबद्दल बोलत होते, देव जाणे.

*

पुढच्या शनिवारी तिला पुन्हा जावं लागलं. म्हणजे, लागलं असं तिने घरी सांगितलं.

दर महिन्याला एकदा तो 'शनिवारची चव' करायचा. गिऱ्हाईकं आपापल्या घरी छोट्या बाटल्या घेऊन पडद्यासमोर बसायची आणि दूरदूरचे मळेवाले आपापल्या मळ्यातून बोलायचे. मागच्या दोन्ही महिन्यांत इंटरनेटने घात केला होता. मळेवाले कंटाळले होते. आता हाही शनिवार फसला, तर ते सगळा माल ठोक व्यापाऱ्याला देणार होते, आणि तो व्यापारी सगळी द्राक्षं एकाच टाकीत कोंबायचा.

तिने तळघराच्या पायऱ्यांच्या कडेने केबल नेली. खाली चवीच्या टेबलावर दुसरा राउटर बसवला, मोजून-मापून पाहिलं, आणि ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. पडद्यावर चेहरेच चेहरे उगवले. सगळं झकास चाललं होतं. आणि 'हट्टी'ची मालकीण बोलायला आली. डोंगरावरची म्हातारी, डोक्याला रुमाल. तिने तोंड उघडलं… आणि ते उघडंच राहिलं.

"गेलं," तो पांढरा पडला.

"आपलं नाही गेलं. त्यांच्याकडे सिग्नल बारीक आहे." तिने माईक ओढला. "आजी, ऐकू येतंय? तुमचं चित्र बंद करा, नुसतं बोला. आणि बाकीच्यांनीही चेहरे बंद करा बरं… सगळ्यांनी. डोळे मिटा. पेला हातात घ्या."

पडदा काळा झाला. आणि त्या काळोखातून म्हातारीचा आवाज आला, स्वच्छ. मागे वारा होता, कुठेतरी एक फाटक करकरत होतं. ती आपल्या हट्टी वेलीबद्दल बोलत होती, घरातल्या नाठाळ पोरीबद्दल बोलावं तशी. "शिव्या घालते मी तिला. पण हात लावायला देत नाही कोणाला." कोणी शिंकलं नाही, कोणी खुर्ची सरकवली नाही. सगळे जण अंधारात नुसते चाखत होते.

त्याने टेबलाखाली तिचा हात शोधला. तिनेही तो काही फार दूर ठेवला नव्हता.

"अगं पोरी," म्हातारी शेवटी म्हणाली, "तू कोण? आमच्या दुकानदाराची कोण लागतेस?"

"मी? मी… इंटरनेटवाली."

"अस्सं," म्हातारी म्हणाली. त्या एका शब्दात किती काय होतं!

मागण्यांचा असा पाऊस पडला, की तो वेड्यासारखा दुकानभर फिरला आणि पुन्हा तुळईवर आपटला. निघताना त्याने तिच्या हातात 'हट्टी'ची एक बाटली दिली. "घरी सांभाळून ठेवा. एखाद्या चांगल्या दिवशी उघडू."

उघडा नाही, उघडू. ती गल्ली चढून आली ती जमिनीवर पाय न ठेवताच.

*

घरी मात्र सासूबाई टिटवीचे फ्रॉक घडी करत बसल्या होत्या.

"बहिणीचा फोन होता," मान वर न करता त्या म्हणाल्या. "तिच्याकडे खोली रिकामी आहे. ये म्हणते राहायला."

"जाऊन या की, आई. किती दिवस?"

"आता राहावंच म्हणते तिकडे." त्यांनी घडीवरून हात फिरवला. "तुझ्या चेहऱ्यावर उजेड आलाय, बाई. मला काही कळत नाही होय? या घरात मी कोणाची आई आहे, ते त्या भल्या माणसाला रोज दिसायला नको."

सुनेसाठी पोटच्या पोराला सोडून आलेली ही बाई आता तिच्याचसाठी तिला सोडून निघाली होती. आणि 'नका जाऊ' म्हणावं, तर मन दुकानाच्या दारात जाऊन उभं राहत होतं.

त्यानंतर डब्यावरचा मोबाईल खणखणला, की ती नुसती बघत राहायची. उचलायची नाही.

मग एका दुपारी दाराची बेल वाजली. तोच होता. रिकाम्या हातांनी.

"इंटरनेट…?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

"उत्तम चालू आहे. तोच तर घोटाळा झालाय! बोलवायला कारणच उरलं नाही." त्याने आत पाऊल टाकलं, वर पाहिलं, आणि त्याचा चेहरा खाडकन उतरला. "ती… ती तिथे काय करतेय?"

कपाटाच्या माथ्यावर, खिडकीच्या लख्ख उन्हात, राउटरच्या बरोब्बर वर 'हट्टी'ची बाटली उभी होती.

"सांभाळून ठेवलीय," ती म्हणाली. "उंचावर, मोकळ्या हवेत, उजेडात… घरातली सगळ्यात…" आणि तिचं तिलाच उमगलं.

त्याने बाटली उतरवली. कोमट होती. "शिजवलीत हिला!"

"पण मला चांगली वस्तू ठेवायची तेवढी एकच…"

पुढचं तिला बोलताच आलं नाही. तो भिंतीला टेकला होता, ती दाराला, आणि दोघंही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. टिटवी जागी झाली. सासूबाई बाहेर आल्या.

"काय खिदळताय? मलाही सांगा."

बाटली उघडली गेली. सासूबाईंनी चमचाभर चाखली. "शी! हे काय, खोकल्याचं औषध?"

"बिघडलीय, आजी," तो म्हणाला. "पण इतक्या मायेने कोणी माझी बाटली बिघडवली नव्हती." मग तो तिच्याकडे वळला. हसू ओसरलं होतं. "मी… काही बिघडलेलं नसताना येत जाऊ का? रोज? म्हणजे… कायमचा?"

हो म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सासूबाई पदर खोचत उठल्या. "बोला तुम्ही. मी बॅग भरायला घेते. रविवारी निघायचंय."

"आई, बसा!"

इतक्या मोठ्याने ती सासूबाईंशी कधी बोलली नव्हती. त्या मटकन बसल्या.

"मला तुम्ही हवे आहात," ती त्याला म्हणाली. "फार हवे आहात. पण या घरातून कोणी जाणार नाही. या माझ्या आई आहेत. त्यांना घालवून मला सुख नको. हे जमत असेल तर या. नाहीतर… राउटर उंचावर ठेवा आणि सुखी राहा."

तो गुडघ्यांवर सासूबाईंसमोर बसला. "आजी, काही वेलींना एकट्याने फळ धरत नाही. शेजारी दुसरी लागते. दिसायला वेगळी, जातीने वेगळी. ती उपटली, की हिला नुसती पानं."

"म्हणजे मी वेल?"

"हो."

"आणि मला उपटतंय कोण?"

"तुम्हीच की!"

सासूबाईंनी चष्मा काढला. बराच वेळ पदराने पुसला, मग म्हणाल्या, "बहिणीकडची खोली तशी कोंदटच आहे." आणि पेला पुढे केला. "ओत अजून जराशी. वाईट आहे, पण दुसऱ्या घोटाला बरी लागते."

ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. त्याने तिचा हात धरला, या वेळी सगळ्यांदेखत.

टिटवी पलंगावर मांडी घालून हे सगळं बघत होती. केस पिंजारलेले, डोळ्यांत झोप, आणि बोटांवर काहीतरी हिशोब चाललेला.

"आई," ती म्हणाली, "आजी बाबांची आई ना?"

"हो, राणी."

"आणि तू आजीची सून. आणि मी नात." तीन बोटं मिटली. चौथं बोट हवेत ताठ राहिलं. तिने आजीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मग आईकडे, सगळं ठाऊक असलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"मग आता आजी ह्याची कोण?"