गाडी डावीकडे ओढते

मी फळांच्या दुकानातून बाहेर आले, तर एक अनोळखी तरुण माझ्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलेला. भुरभुर पावसात त्याचा शर्ट खांद्यांवर भिजला होता, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो टायरवरून हलकेच तळहात फिरवत होता.

"काही हरवलंय का?" मी विचारलं.

"हरवलं नाही, झिजलंय. बाहेरची कड बघा, नवीकोरी. आतली पार गुळगुळीत." तो उठला. क्षणभर माझ्याकडे पाहिलं... आणि नजर चटकन टपावरच्या पाटीकडे वळवली. "गाडी चालवायला शिकवता ना? सरळ रस्त्यावरही ही डावीकडे ओढत असेल."

आत बसलेल्या काकूंनी काच खाली केली. काकू माझ्या शिष्या. परवा याच गाडीवर त्यांची परीक्षा होती.

"मी तेच म्हणतेय," काकू म्हणाल्या. "मी सरळच धरते, गाडीच वाकड्यात शिरते."

माझा हात सवयीनं स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरायचा. काकूंना कुठून असायची ती सवय?

"दुरुस्त होईल परवापर्यंत?"

"चाकांचं आपसात पटत नाहीये. समजूत घालू," तो म्हणाला. "समोरच माझं दुकान आहे."

दुकानात रबराचा आणि ग्रीसचा वास होता. त्यानं आधी चारही चाकांतली हवा पाहिली. "कधीकधी दुखणं एवढंच असतं," तो म्हणाला. मग गाडी वर चढवून एकेक चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा दांडा वाकला होता.

"फुटपाथला धडकली होती का?"

काकू छताकडे बघू लागल्या.

त्यानं दांडा बदलला, चाकांवर सेन्सर बसवले, स्टिअरिंग सरळ करून बांधलं आणि खाली शिरून पाना फिरवू लागला. मशीनच्या पडद्यावरचे लाल आकडे हळूहळू हिरवे होत गेले. मी मशीनकडे बघायला हवं होतं, पण मी त्याच्या बोटांकडे बघत होते. पाना केसभर फिरवायचा, थांबायचा, पुन्हा केसभर... इतक्या सबुरीनं काम करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

"चक्कर मारून बघायला हवी," तो हात पुसत म्हणाला. "एरवी माझी ताई मारते. आज ती नाही. तुम्ही चालवाल? मी शेजारी बसतो."

मी चालवली. मोकळ्या रस्त्यावर पकड सैल केली, तरी गाडी सुतासारखी सरळ गेली. मी खुशीत शेजारी पाहिलं. त्यानं दाराची मूठ घट्ट आवळली होती आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"इतकी वाईट चालवते मी?"

"नाही हो. फार छान चालवता." तो कसंनुसं हसला. "मी चालवत होतो तेव्हा गाडी घसरली... बाबांचा पाय मोडला. आता ते ठणठणीत आहेत, विसरूनही गेलेत. मी मात्र त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. लोकांच्या गाड्या सरळ करतो, एवढंच."

 माझ्या तोंडून निघून गेलं, "परवा काकूंची परीक्षा झाली की तुमचा वर्ग सुरू."

"माझी समजूत घालणार?"

"केसभर, केसभर..."

काकू पास झाल्या आणि त्या रविवारी तो माझ्या गाडीत चालकाच्या जागी बसला. पहिल्या दिवशी नुसता बसला. पुढे फाटकापर्यंत गेला, मग वळणापर्यंत. चावी फिरवण्याआधी तळहात पुसत बसायचा, पण दर रविवारी तो हजर असायचा. काम जाणणारा म्हणून तो मला आवडला होताच. भीती वाटत असूनही चावी फिरवणारा तो त्याहून आवडू लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एकदा तो म्हणाला, "आज बाबांना गाडीत घ्यायचंय... पण तू सोबत हवीस."

त्याचे बाबा दारातच उभे होते. मी मागे बसायला निघाले, तर त्यांनी मला अडवलं. "पोरी, तू पुढे बस. मला मागे ऐसपैस बरं." बसले आणि चौक ओलांडायच्या आत घोरू लागले.

त्यानं आरशात पाहिलं. बाबांची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. मुलगा चालवत असलेल्या गाडीत... गाढ झोप. त्याचे डोळे भरून आले.

"समोर बघ," मी हळूच म्हणाले.

"बघतोय." त्यानं गिअर बदलला. "लग्न करशील माझ्याशी?"

मी घाईनं रस्त्याकडे बोट दाखवलं.

"पुढे डावीकडे वळायचंय," मी म्हणाले.

"ते उत्तर नाही झालं."

"हो... करीन."

मागचं घोरणं थांबलं.

"हो म्हणाली ती," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "आता इंडिकेटर दे."