वीस शेंगा, तुम्ही आधी

“हारेल मानूस मांगे येस नही, माय,” लिलाबाईंनी लेकीला बजावलं होतं; हरलेला माणूस परत फिरकत नाही म्हणे. मृणालीनं हसून डबा उचलला आणि जळगावहून धुळ्याची रोजची बस पकडली. गणिताच्या बाईनं का म्हणून हरायचं?

त्या दिवशी एरंडोलला जीवन चढला. जागा एकच रिकामी, तिच्या शेजारची. तिच्या हातात शेंगांची पुडी. खेळ तिनंच शिकवला. डब्याच्या झाकणावर वीस शेंगा; आळीपाळीनं एक, दोन किंवा तीन उचलायच्या; शेवटची उचलेल तो जिंकला. हरणाऱ्यानं धुळ्याच्या स्टँडवर चहा पाजायचा.

“तुम्ही आधी,” ती अदबीनं म्हणाली.

काय वळण आहे पोरीला! जीवन खूश. रोज आधी उचलायचा, रोज हरायचा. तीन महिने चहा पाजून झाल्यावर एकदा हळूच म्हणाला, “मी एक घेतली की तुम्ही तीन. मी दोन, तर तुम्ही दोन. दर वेळी चार पुरे करता. वीसात आधी उचलणारा मेलाच की!”

“अय्या... कधी कळलं?”

“दुसऱ्याच आठवड्यात.”

“मग हरत का होतात?”

“जिंकलो असतो, तर तुम्ही खेळ बंद केला असता.”

मृणालीचे कान तापले.

“सोमवारपासून नंदुरबारला बदली आहे,” तो शेंगा मांडत म्हणाला. “शेवटचा डाव. चहा नको... हरेल त्यानं मनातलं सांगायचं.”

“बरं — तुम्ही आधी.”

त्यानं दोन उचलल्या. तिनं दोन घ्यायला हव्या होत्या, घेतली एकच. आता त्यानं एक उचलली की डाव त्याचा. त्यानं उचलल्या दोन! दोघंही जीव तोडून हरत होती. मागच्या सीटवरचे हिलालनाना वैतागले, “कोनले जितनं शे का नही?”

शेवटी एकच शेंग उरली. पाळी जीवनची. त्यानं हात खिशात घातले.

“उचला ना.”

“उचलली तर जिंकेन. मग बोलणार कोण?”

धुळ्याचं स्टँड दिसायला लागलं. मृणालीनं ती शेंग त्याच्या तळहातावर ठेवली. “आज मी आधी,” म्हणाली — आणि बोलली. इतकं हळू, की नानांना पुढं वाकावं लागलं.

तीन महिने हरलेलं माणूसही परत येतं. नंदुरबारहून दर शनिवारी येत होतं, लग्न होईपर्यंत.

आता जळगावात, मेहरूण भागातल्या त्यांच्या घरात झाकणावर वीस शेंगा असतात, आणि दोन वर्षांची संघमित्रा बापाला “तुमी आदी” म्हणते. पण ही दोघं नवरा-बायको डावात रंगली की भान राहत नाही हो. तिकडं गेलात तर दार वाजवा, शेंगा मोजा. एकोणीस भरल्या, तर आधी पोरीचं तोंड उघडून बघा.