सासूने दिलेली साक्ष

रविवारची प्रार्थना आटोपून सगळं घर जेवायला बसलं होतं आणि फुआतिनो नेहमीप्रमाणे मोठ्यांच्या पुढ्यातल्या माश्या पंख्याने वारत होती, तेवढ्यात तिच्या नवऱ्याने, लाफाएलेने, खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे टाकला... चौदा वर्षांच्या संसाराला कागदाचा निरोप!

“आपिया शहरातल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केलाय,” तो तारोच्या उकडलेल्या कंदाचा तुकडा चघळत म्हणाला. “वर्षभर वेगळं राहिलोय आपण. सही कर अन् मोकळी हो.”

“वर्षभर?” तिच्या हातातला पंखा थांबला. “अरे, पाय मोडून आलास तेव्हा चार महिने इथेच पडून होतास ना? तुझं हगणं-मुतणं काढलं मी! ते दिवस कुठे गेले रे?”

“माश्या बसताहेत,” तिची सासू तेलेसिआ म्हणाली.

फुआतिनोचा हात पुन्हा हलू लागला. करणार काय बिचारी! आमच्याकडे नवऱ्याच्या दारी नांदायला येणाऱ्या बाईला नोफोताने म्हणतात, आणि तो शब्द कोणत्या सुरात उच्चारायचा हे आमच्या सासवांना कुणी शिकवावं लागत नाही. चूल तिची, धुणं तिचं, म्हाताऱ्यांचे पाय चेपणं तिचं... आणि मान? तो घरच्या लेकीबाळींचा! लाफाएले शहरात दुसरीच्या गळ्यात गळा घालून राहू लागला, तरी ही वेडी त्याच्या आईची सेवा करत तिथेच राहिली.

कायद्याला वर्षभराचा दुरावा हवा होता आणि मध्ये ते चार महिने आडवे येत होते. पण लाफाएलेचा वकील बेरकी. म्हणाला, “एका छपराखाली राहिलं म्हणून कुणी नवरा-बायको होत नाही. त्या दिवसांत ती घरातली मोलकरीण होती एवढं दाखवलं की झालं!”

हे ऐकलं मात्र, फुआतिनोच्या काळजाला घरं पडली. तिने सहीला साफ नकार दिला. तिचा थोरला भाऊ सोलोमोना तिच्या माहेरच्या गावचा मुखिया. तो चिडून म्हणाला, “अगं, असल्या नवऱ्याला चिकटून काय मिळवणार आहेस?”

“मला तो नकोच आहे, दादा! पण मी त्या घरची होते, एवढं तरी कोर्टाने लिहावं... माझी चौदा वर्षं कुणी पुसून टाकू नयेत!”

तिची सगळी आशा तेलेसिआवर होती. म्हातारी जिभेची तिखट खरी, पण चर्चमधली मानकरीण. बायबलवर हात ठेवून ती खोटं बोलणार नाही, अशी फुआतिनोची खात्री होती.

आणि म्हातारी खोटं बोलली नाही!

“तुमचा मुलगा आजारी होता, तेव्हा ही कुठे निजायची?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“मागच्या खोपट्यात, चुलीपाशी.” तेलेसिआची मान ताठ होती.

“नवऱ्याजवळ नाही?”

“त्याच्याजवळ मी निजायचे. रात्री त्याला पाणी लागलं की हिला हाक मारायची.”

“जेवायची कधी?”

“आम्ही उठल्यावर. उरेल ते.”

“आणि काही उरलं नाही तर?”

म्हातारीची नजर फुआतिनोकडे वळली. लाफाएले घाईने मान डोलवत होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती फुआतिनोच्या हाडकलेल्या मनगटांकडे बघत राहिली.

“ते... ते मी कधी विचारलं नाही, बाई.”

“शेवटचं विचारते. तुम्ही हिला घरची मानत होता का?”

“नाही,” तेलेसिआ म्हणाली, आणि तिचा आवाज कुठल्याशा विहिरीतून आल्यासारखा खोल होता.

घटस्फोट मंजूर झाला. मोलकरीण म्हणून शिक्का बसला! फुआतिनोने कपड्यांचं बोचकं उचललं आणि ती भावाच्या गावी निघून गेली... रडलीसुद्धा नाही.

महिनाभराने एका पहाटे सोलोमोनाच्या दारासमोर कुणीतरी मांडी घालून बसलेलं दिसलं, डोक्यावरून बारीक विणीची मानाची चटई पांघरून. सगळं गाव हादरलं! खून पडला, कुणाच्या लेकीची अब्रू गेली, तर गुन्हेगाराच्या घराण्याचे मुखिये असे दुसऱ्याच्या दारात येऊन बसतात. त्या घराने चटई उचलली तर क्षमा. नाही उचलली तर काय होईल ते देव जाणे. पण एका सुनेसाठी, एकटी म्हातारी? असं कुणी ऐकलं नव्हतं.

“बसू दे थेरडीला!” सोलोमोना गरजला. “माझ्या बहिणीला चौदा वर्षं चुलीपुढे बसवलं ना?”

फुआतिनोही उठली नाही. खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटलं! सूर्य वर चढला, बायका कुजबुजल्या, दुपार झाली आणि चटईखालचं ते शरीर एका अंगाला कलू लागलं.

“मुखिया मी, उचलणं माझं काम,” सोलोमोना खालच्या आवाजात म्हणाला. “पण तू सांगितल्याशिवाय हात लावणार नाही.”

“मी उचलते, दादा.”

चटईखाली घामाने भिजलेला, कोमेजलेला चेहरा होता. तेलेसिआने तिचे पायच धरले.

“लेकी, चुकले गं मी! कोर्टात बोलता बोलता माझंच बोलणं मला ऐकू आलं... तू आमची होतीस! घरी चल.”

फुआतिनोने तिला उठवलं, सावलीत नेलं, शहाळ्याचं पाणी पाजलं, अंगावरच्या कापडाने तोंड पुसलं.

“चटई उचलली, आई. माफ केलं. आता हा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही.”

“म्हणजे येतेस ना?”

“नाही.”

“मला कोण बघेल गं?”

“ते मला ठाऊक नाही.” आता मात्र तिच्या डोळ्यांना धार लागली. “‘आमची’ या एका शब्दासाठी चौदा वर्षं थांबले होते हो मी! आज तुम्ही बोललात, आणि मी वाट बघतेय आत काहीतरी हलेल म्हणून... काहीच हलत नाही, आई! फार उशीर केलात!”

तिने म्हातारीला दुपारच्या बसमध्ये बसवलं, तिला चर्चपाशी उतरवायला ड्रायव्हरला बजावलं. तेलेसिआने खिडकीतून हात बाहेर काढला. फुआतिनोने तो दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला, आणि बस हलली तेव्हा सोडला.