नमाजाच्या पिशवीतलं घरटं

लास्त्रीच्या नमाजाच्या पिशवीत घरटं सापडलं, तेव्हा दुपारचा नमाज नुकताच आटोपला होता.

इंडोनेशियातल्या सेमारांग शहरातल्या त्या कारखान्यात, पाकोळ्या लाळेनं बांधतात ती खाण्याची महागडी घरटी साफ होत. चोरी केली की तडक बडतर्फी, असा नियम. त्याआधी चौकशी व्हायची, आणि ती कार्मिक अधिकारी वेनिंग करत.

त्यांनी घरटं उजेडात धरलं. कोरडं, स्वच्छ, साच्यात बसवलेलं.

"लास्त्री, तुझ्याकडे कुठली घरटी येतात?"

"भिजलेली, बु," लास्त्री म्हणाली; तिथे बाईंना आदरानं बु म्हणत आणि पुरुषांना पाक. "चिमट्यानं पिसं काढायची आणि पुढे द्यायची."

"वाळवणखोलीत जातेस?"

"किल्लीच नाही माझ्याकडे." तिनं पोट दाबून धरलं आणि बाटलीतल्या हळद-चिंचेच्या काढ्याचा घोट घेतला. "चोर म्हणून काढलंत, तर या शहरात मला कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही. घरात कमावणारी मी एकटीच आहे."

त्या खोलीच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या, गिमिन आणि दार्सोनो.

वाळवणखोलीतला म्हातारा गिमिन भडकला. "किल्ली आहे म्हणून चोर? मग आधी माझ्या बायकोला पकडा, घरच्या सगळ्या किल्ल्या तिच्याच कमरेला आहेत!"

सुपरवायझर दार्सोनो मात्र शांत होता. गेल्या मोजणीत माल कमी भरला होता. आता चोर सापडल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"पाक दार्सोनो, तुम्ही काय पाहिलंत?"

"ती नमाजाहून परतली. वजू करून, हात-तोंड धुऊन आलेली, चेहरा ओला होता. नमाजाचा झगा घडी करून पिशवीत ठेवला आणि त्याखाली काहीतरी सरकवलं. मी लगेच वॉचमनला बोलावलं."

"ही आजचीच गोष्ट?"

"आजचीच. रोज जाते ती, मोठी पुण्यवान! शपथ घेऊ का?"

"नको. सही करा."

त्यानं सही केली.

वेनिंग लास्त्रीला बाहेर घेऊन गेल्या. हलक्या आवाजात एकच प्रश्न विचारला.  लास्त्रीनं होकारार्थी मान डोलावली.

"हे मॅनेजरसाहेबांसमोर बोलू?" वेनिंगनी विचारलं.

"बोला, बु."

मॅनेजरच्या खोलीत सगळ्यांना बोलावून वेनिंगनी घरटं टेबलावर ठेवलं.

"हा तयार माल आहे. वाळवणखोलीच्या किल्लीशिवाय हाती येत नाही. म्हणजे तो गिमिन यांनी तरी काढला, नाहीतर दार्सोनो यांनी. कुणी, ते दार्सोनो यांच्या जबाबानंच सांगितलं."

"माझ्या?" दार्सोनोनं विचारलं.

"तुम्ही तिला वजू करून, नमाज पढून येताना पाहिलंत. लास्त्रीला पाळी आली आहे. पाळीत बायका नमाज पढत नाहीत, म्हणून ती आज नमाजाला गेलीच नाही. पाळीच्या दुखण्यावर बायका घेतात तो काढा तिच्याकडे पाहून मला शंका आली होती, तिनं ती खरी ठरवली. पिशवी इथेच असते; आज सकाळपासून उघड्या फळीवर पडून होती. तुम्ही तिची रोजची सवय पाहिली होती, त्यावरून, मालातली तूट तिच्या माथी मारायला, आजची गोष्ट रचलीत."

दार्सोनोचा आवाज चढला. "असलं बायकांचं काही असतं, ते आम्हा पुरुषांना कसं कळणार?"

मॅनेजरनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"कळणार नाहीच," वेनिंग म्हणाल्या. "पण जे पाहिलंच नाही, ते तरी कशाला सांगायचं?"

दार्सोनोचं कपाट उघडलं. जुन्या बुटांत कागदात गुंडाळलेली आणखी घरटी निघाली. त्याला त्याच नियमानं, त्याच दिवशी काढलं.

मॅनेजर घुटमळला. "बु, हे... कारण अहवालात लिहायलाच हवं का? सगळ्या विभागांत फिरतो तो."

वेनिंगनी लास्त्रीकडे पाहिलं.

"लिहा," लास्त्री म्हणाली. "चोर म्हणून माझं नाव फिरलं असतं, तेव्हा कुणी घुटमळलं नसतं."