खबर कोणी दिली

"अप्पा, तुमच्या पाया पडते, आज काही बोलू नका..."

स्वयंपाकघराच्या दाराआड सुनेत्रानं वडिलांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. खाली, चिंचपोकळीच्या त्या चाळीच्या पटांगणात, तिच्या आईच्या पुण्यानुमोदनाला माणसं जमू लागली होती. बुद्धवंदना झाली की एकेकानं उठून, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे, शेवटी घरच्यांनी, ही तिथली रीत. आणि आपली पाळी आली की सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं सीताराम अप्पांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"भावाला पोलिसात देणारी पोर माझी नाही म्हणालो," अप्पांचा आवाज चिरकत होता. "दारात आलीस तर पाठ फिरवली. अन् दिला होता कोणी? मीरानं, तुझ्या आईनं. हॉस्पिटलात तिनं सांगितलं नसतं तर मी तसाच मेलो असतो गं. कळू दे आज चाळीला."

"चाळीला कळलं की अभयला कळेल."

सुनेत्राचं काळीज तीळतीळ तुटत होतं, कारण ज्या शब्दांसाठी ती इतकी वर्षं झुरली होती तेच शब्द आज तिला बापाच्या तोंडून बाहेर पडू द्यायचे नव्हते.

अभय तिचा धाकटा भाऊ. कॉलेजात असताना त्यानं इस्लाम स्वीकारला तेव्हा चाळ हादरली, पण अप्पा हादरले नाहीत. उलट ताठ मानेनं म्हणाले, "माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हाही लोक असेच नाकं मुरडत होते. माणसाला धर्म निवडायचा हक्क आहे." आणि खरंच, पहिलं वर्ष पोरगा किती निवळला होता! मशिदीतून आला की आईच्या हातून भरलेली बादली काढून घ्यायचा. दाराबाहेर त्याचं नाव बदललं होतं, आईसाठी तो अभयच होता.

मग तो मशिदीतही जाईनासा झाला. मोबाईलवर कोणी भेटले होते, खोलीत कोंडून त्यांचंच ऐकत बसायचा, आईनं हाक मारली तर अंगावर धावून यायचा. मशिदीतले म्हातारे करीमचाचा एकदा जिना चढून आले. "सीतारामभाऊ, लडका हाथ से जा रहा है. हमारी भी नहीं सुनता. हमको ही काफिर बोलता है." एवढं स्पष्ट सांगून गेला तो भला माणूस! पण अप्पांचं तत्त्व आडवं आलं. पोराला त्याच्या धर्माबद्दल जाब विचारायचा म्हणजे आपल्या बापालाच जाब विचारण्यासारखं, असं त्यांना वाटलं. त्यांनी चाचांना चहा पाजला आणि विषय बदलला. दुसऱ्या कुठल्या घरात बापानं पोराची कॉलर धरली असती. या घरात बापाचा अभिमान आडवा आला आणि पोरगा घसरत गेला.

अभयनं पोटमाळ्यावर दडवलेली पिशवी मीराबाईंना सापडली. आत काय होतं ते नीट कळलं नाही, पण बाजारातल्या गर्दीचे फोटो कळले. ती माउली मुलीला तेवढं सांगून, पदर खांद्यावर घेऊन, एकटीच पोलीस ठाण्यात चालत गेली. "माझं लेकरू वाचवायचं तर दुसऱ्यांची आधी वाचायला हवीत," एवढंच म्हणाली.

पोलीस न्यायला आले तेव्हा अभय ओरडला, "कोणी सांगितलं?" आईचे ओठ हलले. त्या क्षणी सुनेत्रानं त्याचे डोळे पाहिले. साऱ्या जगावरून उडालेला जीव एका आईवर तेवढा अडकलेला होता, तो धागाही आता तुटणार होता...

"मी सांगितलं," सुनेत्रा पुढे होऊन म्हणाली.

तिचं घर सुटलं. वडाळ्याला एका खोलीत राहून ती नोकरी करत राहिली, अप्पा बाहेर गेले की आईला चोरून भेटत राहिली. "मला बोलू दे गं," आई रडायची, आणि सुनेत्रा तिला आपल्या गळ्याची शपथ घालायची. तुरुंगात महिन्याच्या महिन्याला आईच भेटायला जायची. तिच्यासाठी अभय त्या लोकांविरुद्ध साक्षीला उभा राहिला, गेल्या वर्षी सुटून आला, पुन्हा करीमचाचांबरोबर मशिदीत जाऊ लागला. बहिणीशी मात्र एक शब्द बोलला नाही.

त्याच्यावर लक्ष ठेवायला शेलार नावाचे साध्या वेशातले अधिकारी येत. आई गेल्यावर ते सुनेत्राला म्हणाले होते, "ताई, अजून ते लोक त्याला फोन करतात. हा उचलत नाही. का उचलत नाही, तर आईला शब्द दिलाय. भाषणांनी ही पोरं परत येत नाहीत हो, आपलं एक माणूस लागतं. ते माणूस खोटं निघालं तर मी काहीच सांगू शकत नाही."

वंदना झाली. पांढऱ्या साड्यांतल्या बायका डोळे पुसत होत्या. अभय सर्वांत मागे, भिंतीशी हात बांधून उभा होता. शेजारपाजारचे बोलून झाले आणि तो अचानक पुढे आला.

"मी आईला फार छळलं," तो म्हणाला. "सगळे उलटले, घरातलं रक्त उलटलं. एक आईनं मला कधी दगा दिला नाही. म्हणून मी आज इथे आहे, नाहीतर कुठे असतो देव जाणे."

सगळ्यांच्या नजरा सुनेत्राकडे वळल्या. कोणी कुजबुजलं. ती खाली मान घालून बसून राहिली.

अप्पा उठले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, सुनेत्रानं मान हळूच नकारार्थी हलवली, आणि त्या म्हाताऱ्याचे खांदे गदगदू लागले.

"मीरा..." ते म्हणाले, "मीरा मोठ्या मनाची होती. तिचं मन कोणाला मिळालंय ते मला ठाऊक आहे. सुनेत्रा आजपासून या घरात राहील." एवढं बोलून ते मटकन खाली बसले.

माणसं पांगली. सुनेत्रा चटया गोळा करत होती, तेव्हा अभय तिच्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"जाताना आई म्हणाली होती, बहिणीवर राग धरू नको," तो अडखळत म्हणाला. "मला जमत नव्हतं गं. तू केलंस ते विसरणं सोपं नाहीये. पण आईचा शब्द आहे... ताई, मी तुला माफ केलं."

सुनेत्रानं हातातली चटई खाली ठेवली. सांगायचं एकच वाक्य ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

"बरं झालं रे," ती म्हणाली. "चल, जेवून घे. अप्पा थांबलेत."

तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. ती पश्चात्तापानं रडतेय असं वाटून त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिनं त्याला तसंच वाटू दिलं.