कार्डाच्या कडेची खाच

हिंगण्याच्या त्या कारखान्यात मे महिन्यातही गार असणारी एकच खोली होती, कार्ड पंच करायची. लाड मशीनचे होते, माणसांचे नव्हे. सक्करदऱ्याच्या कोष्टी घरातल्या दोघी बहिणी, घरचा माग बंद पडल्यावर, एकाच दिवशी तिथे लागल्या. धाकटी पुष्पलता कागदावरचं एकेक अक्षर पाहून कॉम्प्युटरच्या पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडी. थोरली तुळजाताई तोच कागद पाहून तेच कार्ड दुसऱ्या मशीनवर तपासून घेई. सगळं जुळलं की मशीन कार्डाच्या उजव्या कडेला खाच पाडी. चूक निघाली तर त्या अक्षराच्या डोक्यावर. डोक्यावर खाच पडली की घरी पोचेपर्यंत पुष्पलताची खैर नसे.

पौषात ताई काविळीने गेली. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात पडद्याचा नवा कॉम्प्युटर आला. झिजलेली कार्डं पुन्हा पंच करून त्यात भरायची, मग जुनी मशीनं भंगारात, असं ठरलं.

"आता तपासायची गरज नाही," विभागाचे कृष्णकांत साहेब म्हणाले. "नवा कॉम्प्युटर स्वतःच पाहून घेतो."

पहिल्याच दिवशी पुष्पलता डबा खाऊन परतली, तर सकाळच्या सगळ्या कार्डांना उजवीकडे खाचा.

"जुनी कार्डं मिसळली असतील, पुष्पाबाई."

"आताच पंच केले मी, साहेब. अन् ताईच्या मशीनची तं वायरच काढून ठेवली हाय."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून जेवले. परत येऊन खाचा पाहिल्या. त्यानंतर ते त्या खोलीत एकटे कधी गेले नाहीत.

पुष्पलताला भीती नाही वाटली. खोटं कशाला सांगायचं, तिला आनंदच झाला. ती मुद्दाम चुका करू लागली. जेवून यावं, तर नेमकी त्याच अक्षरावर खाच! ती हसे आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावी. काम होईल तितकं लांबवी. कार्डं संपली की ताईही जाणार, हे तिला कळत होतं.

शेवटी कामगारांच्या कार्डांची पाळी आली. नावापुढे एकाच अक्षराची जागा: नोकरीवर असेल तर ए, वारला असेल तर डी. ताईच्या कार्डावर तिने डी पंच केलं आणि व्हरांड्यात जाऊन आली. डोक्यावर खाच.

नव्या कार्डावर ए केलं. तरी खाच.

"मंग काय लिहू वं ताई?"

तिने ती जागा कोरी सोडली. या वेळी खाच उजव्या कडेला पडली.

शनिवारी सगळी कार्डं कॉम्प्युटरात भरून झाली आणि कबाडी मशीनं घेऊन गेला.

सोमवारी पडदा ताईच्या नावावर अडला. "कोरं चालत नाही," साहेब दारातूनच म्हणाले. "भरा, बाई."

"मले नाही होत, साहेब. तुम्हीच भरा नं."

साहेब जागचे हलले नाहीत.

पुष्पलताने डी दाबलं आणि तिला रडू फुटलं. चुकलीस म्हणायला आता कोणी नव्हतं.

पुढची ओळ आली. बहिणींचे नंबर लागोपाठ होते, म्हणजे ही तिचीच. हे कार्ड तिने स्वतःच्या हाताने, ए घालून पंच केलं होतं.

नावापुढची जागा कोरी होती.